पान्हा म्हशीचा आणि बाळंतिणीचा

धार काढणारं माणूस बदललं किंवा गोठ्यात कुत्रं शिरलं की म्हैस पान्हा चोरते, हे तुम्हाला सांगायला नको. कासेत दूध असतं, पण सडात उतरत नाही. तीच म्हैस रेडकू ढुसण्या द्यायला लागलं, आंबोणाची पाटी पुढं आली, की मिनिटभरात पान्हावते. बाळंतिणीच्या शरीरातही हेच घडतं. पण गोठ्यात जे आपण जपतो, ते घरात विसरतो.

ही करामत ऑक्सिटोसिन या संप्रेरकाची, म्हणजे हार्मोनची आहे. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. बाळ अंगावर ओढू लागलं की तिथून हे द्रव्य रक्तात उतरतं. गाय, म्हैस, शेळी आणि बाई, सर्वांमध्ये ते एकसारखंच असतं. या ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आवळतं, हे हेन्री डेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ मध्ये दाखवलं. १९५३ मध्ये हे द्रव्य प्रयोगशाळेत तयार झालं आणि त्याबद्दल अमेरिकेच्या व्हिन्सेंट डू विन्यो यांना १९५५ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

म्हणजे एकाच हार्मोनची दोन कामं: दूध उतरवणं आणि गर्भाशय आवळणं. बाळंतपणात हे दुसरं काम जिवाशी निगडित आहे. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त जात असतं. वार सुटली की तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. गर्भाशय घट्ट आवळलं तरच त्या बंद होतात. ते सैल राहिलं तर बाई थोड्याच वेळात रक्तस्रावाने दगावू शकते. म्हणून बाळ जन्मल्याबरोबर दवाखान्यात आईला ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन देतात. ते नाकारू नका. शिवाय बाळ पहिल्या तासाभरातच छातीशी लावा. त्यामुळे आईचा स्वतःचा हार्मोनही कामाला लागतो.

आता काही घरांत म्हणतात, ‘तिला अजून दूधच आलेलं नाही, मधाचं बोट लावा.’ दूध न दिसण्याचं कारण साधं आहे. गरोदरपणात दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन वाढलेलं असतं, पण वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन त्याला अडवून धरतं. वार पडली की हा अडसर निघतो आणि दोन ते चार दिवसांत दूध भरतं. तोवर जो थोडा घट्ट, पिवळसर चीक येतो, तेच बाळाचं पहिलं अन्न आणि रोगाविरुद्धचं पहिलं संरक्षण. बाळाचं पोटही इवलंसं असतं, त्याला तेवढा पुरतो. वासराला पहिल्या काही तासांत चीक पाजलाच पाहिजे, हे तुम्ही जाणता. मग लेकराच्या वाट्याचा चीक पिळून का टाकायचा?

बाळाच्या अंगातही या वेळी मोठी उलथापालथ चालू असते. कळा सोसताना त्याच्या रक्तात अॅड्रेनॅलिनच्या जातीचे हार्मोन एवढे वाढतात, की धडधाकट माणसात ते क्वचितच तेवढे वाढत असतील. त्यामुळे फुफ्फुसातलं पाणी शोषलं जातं, श्वास सुरू व्हायला मदत होते आणि साठवलेली साखर रक्तात येते. कळा या नुसत्या यातना नाहीत. त्या बाळाची तयारी करून घेतात.

आणि इथंच धोका आहे. ‘लवकर मोकळी होऊ दे’ म्हणून घरी कुणाकडून तरी कळांचं इंजेक्शन देववू नका. दोन कळांमध्ये उसंत मिळाली नाही तर बाळाचा प्राणवायू तुटतो, गर्भाशय फाटूही शकतं. प्रसूतीआधी हे औषध फक्त दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून सलाइनमधून द्यायचं असतं. गोठ्यातली बाटली तर बाळंतिणीच्या जवळही नको. पान्हा फोडायला म्हशीला रोज सुई टोचणंही चुकीचंच. जनावराला अपाय होईल अशा रीतीने दूध वाढवण्यासाठी इंजेक्शन देणं १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्यांनी एक गोष्ट जरूर पाहावी. हे इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं. उन्हाळ्यात बाहेर राहिलं तर त्याचा जोर कमी होतो आणि ऐन वेळी ते दगा देतं. तेव्हा उपकेंद्रातला फ्रीज चालू आहे का, वीज गेली तर सोय काय, हे आशाताई आणि नर्सबाईंना विचारा. १०८ ची गाडी पावसाळ्यात वस्तीपर्यंत पोचते का, तेही पाहा.

घरच्यांसाठी सांगणं एवढंच: बाळंतिणीला बोलणी खायला लावू नका. ‘मुलगीच झाली’ हे वाक्य तर तिच्या कानावरही जाऊ देऊ नका. भीती आणि मनस्तापाने म्हशीचा पान्हा आटतो, तसा तिचाही आटतो.