वस्तऱ्याच्या धारेचे दप्तर
वस्तरा धार लावण्यासाठी दगडावर आडवा टेकवला असता त्याची पाठ व धार ही दोन्ही एकाच वेळी दगडास लागतात, आणि म्हणून धारेचा कोन मनगटाच्या कौशल्यावर नव्हे, तर पाठीच्या जाडीवर अवलंबून राहतो. पाठ झिजू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टीचा एक थर दिला की तो कोन वाढतो, आणि पुढल्या खेपेस ती पट्टी विसरली, तर पुष्कळ घासेपर्यंत दगड धारेच्या टोकास स्पर्शच करीत नाही. सबब धार लावण्याच्या नोंदवहीतील पहिला रकाना पट्टीचा असावा, असे माझे निश्चित मत आहे.

त्यापुढे दगडांचा क्रम लिहावा: १०००, ४०००, ८००० क्रमांकांचे दगड, अथवा बेल्जममधील आर्देन प्रदेशातला कोतिक्यूल हा सूक्ष्म गार्नेट-कणांचा पिवळसर दगड, शिवाय चामड्याच्या पट्ट्यावरील फेऱ्या. निकाल मात्र दाढी होताच लिहावा: हनुवटीवरील राठ केस ओढले गेले काय, त्वचेची आग झाली काय. लोंबता केस धारेस लावून तो तुटतो काय हे पाहण्याची परीक्षा सोयीची खरी, परंतु प्रत्येकाचा केस निराळा असल्यामुळे तिचा दाखला दुय्यमच समजावा. एका खेपेस एकच गोष्ट बदलावी, आणि दगड भिजविण्यापूर्वी मागील नोंद अवश्य वाचावी.