पवनीचा दगड आणि प्रौढांचा वर्ग

साक्षरतेचे काम आणि संग्रहालयाचे काम ही आपल्याकडे दोन वेगळ्या खात्यांची कामे आहेत. एकाकडे खडू-फळा, दुसऱ्याकडे काचेची कपाटे. एकातला माणूस दुसऱ्यात गेला की त्याने क्षेत्र बदलले, असे आपण धरून चालतो. मला ही वाटणी मुळातच चुकीची वाटते. निरक्षर प्रौढाला वाचायला शिकवणे आणि कुणालाही एखाद्या जुन्या वस्तूसमोर उभे करून ती उलगडून दाखवणे हा एकच पेशा आहे, आणि तो पूर्ण वेळ, पगारी पेशा व्हायला हवा. त्याचा पुरावा भंडारा जिल्ह्यातच, वैनगंगेकाठच्या पवनीत आहे.

पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी त्याचा अहवाल लिहिला. बौद्ध स्तूप सापडला, कठड्याचे शिल्पांकित खांब सापडले, आणि त्यांवर ब्राह्मीतले दानलेख. यातले एक शिल्प शिकवणाऱ्याने नीट न्याहाळावे असे आहे. रिकामे आसन, त्यावर फणा उभारलेला पंचफणी नाग, आणि सोबत कोरलेले नाव: ‘मुचरिंद नागो’. पावसात बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद तो हाच. बुद्ध मूर्तिरूपात नाही, फक्त आसन आहे. म्हणजे पाहणाऱ्याला गोष्ट आधी माहीत असणार हे कारागिराने गृहीत धरले, आणि तरीही नाव कोरले. चित्र आणि त्यालगत शब्द: आपल्या अंकलिपीची रचना याहून वेगळी नाही. संग्रहालयातल्या पाटीचीही नाही.

अक्षरे पाहा. आडव्या रेघेवर एक उभी रेघ म्हणजे ‘न’, वर टोकाला जुळलेल्या दोन तिरप्या रेघा म्हणजे ‘ग’. ‘न’च्या डोक्याशी उजवीकडे छोटीशी रेघ ओढली की झाला ‘ना’. व्यंजन तेच राहते, जोडलेली रेघ बदलली की स्वर बदलतो. बाराखडीचे सारे तत्त्व दोन हजार वर्षांपूर्वीच्या या दोन अक्षरांत उघडे दिसते, तेही शिरोरेघेच्या गर्दीशिवाय. पन्नाशीच्या विद्यार्थिनीला काना-मात्रा ही घोकायची कटकट वाटते. इथे तिला त्यामागची युक्ती डोळ्यांनी दिसेल.

पवनीच्याच आणखी एका लेखात नाग नावाच्या व्यक्तीला पाचही निकाय जाणणारा असे विशेषण लावले आहे. निकाय म्हणजे बुद्धवचनांचे संग्रह, आणि त्या काळी ते मुख्यतः पाठांतरातून जपले जात. ज्ञान आणि अक्षरओळख या दोन गोष्टी निराळ्या असू शकतात, हे याहून चांगले कोण सांगणार? पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत तर हे रोजचेच आहे. दंडार या लोकनाट्यातली गाणी आणि धानाच्या वाणांची पारख ज्यांच्या डोक्यात आहे, अशा लोकांना आपण वर्गात ‘अ अननसाचा’पासून सुरुवात करायला लावतो. भंडाऱ्यात अननस! शिवाय झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘र’ होतो. तोंडात ‘डोरा’ आणि पुस्तकात ‘डोळा’ असला की शिकणाऱ्याला आपणच अशुद्ध आहोत असे वाटू लागते. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी या बोलीला प्रतिष्ठा मिळवून दिली. साक्षरतेच्या वर्गापर्यंत ती पोहोचायला हवी. वस्तू समोर ठेवली की हा तिढा सैल होतो. भंडाऱ्याचे पितळी गंगाळ किंवा धान मोजायची पायली समोर असली की नाव शिकणारा सांगतो आणि लिहायला शिक्षक मदत करतो. ब्राझीलच्या पाउलो फ्रेरे यांनी 1963 मध्ये आंजिकोस गावात हेच केले: आधी लोकांच्या जगण्यातले चित्र, त्यावर चर्चा, मग त्यातूनच निघालेला शब्द.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलेल्या कुटुंबाला मोबदल्याची नोटीस, सातबारा, बँकेचे पासबुक वाचायचे आहे. त्यांना मौर्य-सातवाहनांशी काय देणेघेणे? नोटीस वाचता आलीच पाहिजे, आधी आली पाहिजे. पण तेवढ्यावर थांबलेली साक्षरता टिकत नाही. साताऱ्यात 1959 मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे राज्यभर पसरलेल्या ग्राम शिक्षण मोहिमेला 1972 मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. मोहीम ओसरली आणि वाचायला काही न उरलेले अनेक नवसाक्षर अक्षरे विसरले. नोटीस वर्षातून एकदा येते. वाचावेसे वाटेल असे काही गावात असावे लागते, आणि आपल्याच गावच्या टेकडीत सापडलेला मजकूर त्यात बसतो.

दुसरा आक्षेप अंतराचा. पवनीला सापडलेला महाक्षत्रप रूपिअम्माचा स्तंभलेख नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. 1863 पासूनचे हे संग्रहालय, लोकांच्या तोंडी ‘अजब बंगला’. भंडाऱ्याहून साठेक किलोमीटर. मजुरी बुडवून तिथे कोण जाईल? कुणी जाऊही नये. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने 2015 पासून बसमधून प्रदर्शन गावोगाव नेले आहे. ठसे, प्रतिकृती आणि मोठी छायाचित्रे लाखांदूरच्या समाजमंदिरात नेणे त्याहूनही स्वस्त.

तिसरा आक्षेप सरकारी आहे, आणि मला तोच सर्वांत कमकुवत वाटतो: स्वयंसेवक आहेत ना, मग पगारी माणूस कशाला? 2022 पासूनचा ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रम विनामोबदला स्वयंसेवकांवर उभा आहे. त्याच्या आधीच्या ‘साक्षर भारत’मध्ये प्रेरकाला महिना 2000 रुपये तरी मिळत, 2018 मध्ये तेही संपले. सेवाभावाबद्दल आदर आहे, पण सेवाभाव परीक्षेच्या दिवसापर्यंतच पुरतो. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान मिळून 150 गुणांचा पेपर झाला की वर्ग विरतो. बडोद्यात 1952 पासून संग्रहालयशास्त्र शिकवले जाते, विद्यापीठांत प्रौढ व निरंतर शिक्षणाचे विभाग आहेत; पण दोन्हीकडचे शिकून जिल्ह्यात राहू पाहणाऱ्या तरुणीसाठी पद नाही. 2011 च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची साक्षरता सुमारे 84 टक्के होती. मागे राहिलेल्यांत वयस्क बायका अधिक आहेत. त्यांच्यापर्यंत पोहोचायला वर्षानुवर्षे त्याच गावांत फिरणारे माणूस लागते.

जिल्हा नियोजन समितीने येत्या आराखड्यात असे एक पद आणि एक गाडी मांडावी, आणि पवनीच्या लेखांचे ठसे त्या गाडीत सर्वांत आधी चढवावेत.