कचरा ते पल्लवी: पडद्यावरची आपली माणसे कशी ओळखायची?

भिवंडीत रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की तरुण मुले-मुली थोडा वेळ थांबतात. कुणी गोडाऊनमध्ये पॅकिंगला जाणारा, कुणी लूमवर पाळी करणारा, कुणी डिलिव्हरीच्या गाडीवर, काही जण कॉलेजात. अशाच एका रविवारी आम्ही त्यांना साधा प्रश्न विचारला, "सिनेमा-मालिकांमधले तुमचे सर्वांत आवडते पात्र कोणते?"

उत्तरे धडाधड आली. पुष्पा, रॉकी भाई, आर्ची, कटप्पा. मग आम्ही दुसरा प्रश्न विचारला, "यातल्या कुणाच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचा फोटो आहे?" सगळे गप्प झाले. थोड्या वेळाने मागे बसलेला एक मुलगा म्हणाला, "मला जब्या आवडतो. पण सांगायला लाज वाटते. 'फँड्री' आला तेव्हा शाळेत पोरे मला जब्या म्हणूनच चिडवायची."

हा लेख त्या मुलाच्या उत्तरामुळे लिहीत आहोत. पडद्यावर आपल्यासारखे पात्र आले की आनंद व्हायला हवा. मग लाज का वाटते? याचे उत्तर शोधायचे तर अशी पात्रे कशी घडवली गेली, हे समजून घ्यावे लागेल.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. बाबासाहेब, रमाई, जोतिबा, सावित्रीमाई यांच्यावरचे चित्रपट आणि मालिका इथे घेतलेल्या नाहीत. ती आपली खरी माणसे आहेत, त्यांची क्रमवारी लावायची नसते. इथे बोलतो आहोत ते लेखक-दिग्दर्शकांनी कल्पनेतून उभ्या केलेल्या पात्रांबद्दल.

किंमत मोजल्यावर मिळणारा स्वीकार

१९३६ साली बाबासाहेबांनी 'जातिसंहार' हे न झालेले भाषण पुस्तकरूपाने छापले. त्याच वर्षी 'अछूत कन्या' पडद्यावर आला. देविका राणीने केलेली कस्तुरी ही त्यातली अस्पृश्य मुलगी. तिचे एका ब्राह्मण मुलावर प्रेम असते. शेवटी इतरांचे प्राण वाचवताना ती रेल्वेखाली जाते आणि मेल्यावर तिला मोठेपण मिळते.

१९५९ साली, नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर तीनच वर्षांनी, बिमल रॉय यांचा 'सुजाता' आला. नूतनची सुजाता ब्राह्मण घरात वाढते, पण त्या घराची मुलगी म्हणून तिला मान मिळत नाही. सांभाळणाऱ्या आईला रक्ताची गरज पडते, सुजाताचे रक्त जुळते आणि मग आईचे मन बदलते.

२००१ चा 'लगान' तर सगळ्यांच्या परिचयाचा. अधू हाताचा कचरा चेंडू वळवतो म्हणून भुवन त्याला संघात घेतो. गावकरी विरोध करतात, भुवन भाषण करतो, गाव मान्य करते. सामन्यात कचरा लागोपाठ तीन बळी घेतो. पण आपल्यावरून एवढा वाद चाललेला असताना तो स्वतः काय बोलतो? जवळपास काहीच नाही. त्याच्या वतीने बोलणारा दुसराच असतो.

तिन्ही चित्रपट बनवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, त्याबद्दल वाद नाही. पण तिन्हींतला हिशेब एकच आहे. कस्तुरीने जीव दिला, सुजाताने रक्त दिले, कचऱ्याने सामना जिंकून दिला, तेव्हा कुठे समाजाने त्यांना जवळ केले. ज्याच्याकडे देण्यासारखे असे काही नाही, त्याचे काय? माणूस म्हणून जन्मला एवढे पुरेसे का नाही? बाबासाहेबांचा सगळा लढा याच प्रश्नावर उभा होता, आणि हा प्रश्न ही पात्रे विचारत नाहीत.

असे पात्र लोकांच्या स्मरणात कसे राहते, तेही पाहा. जून २०२३ मध्ये पर्यावरण दिनाच्या निमित्ताने झोमॅटोने एक जाहिरात केली. कचऱ्याची भूमिका करणाऱ्या आदित्य लाखिया यांनाच त्यात टाकाऊ वस्तूंपासून बनलेले टेबल, दिवा अशा रूपांत दाखवले होते. दिग्दर्शक नीरज घायवान यांच्यासह अनेकांनी आक्षेप घेतला आणि जाहिरात मागे घेतली गेली. बावीस वर्षांनंतर त्या पात्राचा खेळ विसरला गेला होता आणि हिणवणारे नाव तेवढे उरले होते. आमच्या विहारातल्या मुलाला शाळेत जे सोसावे लागले, ते याहून वेगळे नाही.

जब्याचा दगड

मग नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' वेगळा कसा? फेब्रुवारी २०१४ मध्ये तो चित्रपटगृहांत आला. जब्या म्हणजे जांबुवंत कचरू माने, कैकाडी कुटुंबातला शाळकरी मुलगा. सोमनाथ अवघडेने तो साकारला. जब्याला शालू आवडते, काळ्या चिमणीची राख मिळवायची असते, नवी पँट घालून मिरवायचे असते. म्हणजे आधी तो एक हौशी, प्रेमात पडलेला पोरगा आहे. जात त्याच्यावर बाहेरून येऊन आदळते.

शेवटी घरच्यांबरोबर डुक्कर पकडताना सगळे गाव त्यांची मजा बघते. डुक्कर खांद्यावरून नेताना ते शाळेच्या भिंतीजवळून जातात. भिंतीवर बाबासाहेब आणि सावित्रीमाई आहेत. एवढे सगळे सोसल्यावर जब्या दगड उचलतो आणि तो दगड थेट प्रेक्षकांच्या दिशेने येतो.

श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर'मध्येही (१९७४) शेवटी एक लहान मुलगा दगड मारतो, पण तो जमीनदाराच्या घरावर. तो दगड पाहताना प्रेक्षक सुरक्षित असतो. जब्याचा दगड चुकवता येत नाही. तो आपल्याला विचारतो की, वर्गात 'फँड्री' म्हणून ओरडणाऱ्यांत तुम्ही होता की गप्प बसणाऱ्यांत?

म्हणून त्या मुलाला आम्ही सांगितले की लाज जब्याने वाटून घ्यायची नाही, चिडवणाऱ्यांनी वाटून घ्यायची. आणखी एक गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आहे. जब्या बौद्ध नाही, भटक्या-विमुक्त समाजातला आहे. तरी तो आपला वाटतो, कारण अपमान ओळखीचा आहे. पडद्यावरचे नाते असे जातीच्या पलीकडे जोडले जात असेल, तर मोर्चात आणि वस्तीतही ते जोडता यायला हवे.

पुष्पा का आवडतो, आणि काला काय वेगळे करतो

पुष्पा आवडतो म्हणणाऱ्या मुलांना आम्ही हसलो नाही. २०२१ मध्ये आलेल्या त्या चित्रपटातला पुष्पा मजूर आहे. बापाच्या घराण्याचे नाव त्याला नाकारलेले आहे आणि भर समारंभात त्यावरून त्याचा अपमान होतो. गोडाऊनमध्ये पूर्ण नाव विचारल्यावर आडनाव गिळून टाकणाऱ्या मुलाला ही जखम लगेच कळते. पुष्पा झुकत नाही, म्हणून तो आवडतो.

पण तो पुढे काय करतो? चंदनाच्या तस्करीतला मोठा माणूस होतो. त्याच्याबरोबर लाकडे वाहणारे मजूर मात्र मजूरच राहतात. अपमान त्याच्या एकट्याचा असतो आणि सुटकाही एकट्याचीच होते.

याच्या शेजारी पा. रंजित यांचा 'काला' (२०१८) ठेवून पाहा. रजनीकांतचा करिकालन धारावीत राहतो, मोठ्या कुटुंबात रमतो, बायकोची बोलणी ऐकतो. त्याच्या जीपच्या नंबरात 'बीआर १९५६' आहे, आणि या आकड्याचा अर्थ आपल्याला वेगळा सांगायला नको. बिल्डर आणि राजकारणी वस्ती उठवायला निघतात, तेव्हा तो एकटा शंभर जणांना लोळवून प्रश्न सोडवत नाही. लोक कामावर जाणे थांबवतात आणि मुंबई अडते. शेवटी वस्तीतला प्रत्येक जण 'काला' होतो आणि पडदा काळ्या, लाल, निळ्या रंगांनी भरून जातो. एका माणसाचे शौर्य संघटनेत कसे बदलते, ते या पात्रात दिसते. पुनर्विकासाच्या नावाने ज्यांच्या वस्त्यांवर नोटिसा लागतात, त्यांनी तो जरूर पाहावा.

आवाज न चढवता उभी राहणारी माणसे

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मधला लोकशाहीर नारायण कांबळे हे आमचे अतिशय आवडते पात्र आहे. गटारात उतरणारा एक सफाई कामगार मरतो. कांबळेंच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून त्यांना पकडले जाते. त्या कामगाराला सुरक्षेची साधने का दिली नव्हती, हा खरा प्रश्न बाजूलाच राहतो. कांबळे कोर्टात ओरडत नाहीत, संवाद फेकत नाहीत. सुटले की पुन्हा गातात. ही भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. ते स्वतः चळवळीतले, 'विद्रोही' मासिकाचे संपादक. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने ते गेले. 'कोर्ट'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण आपल्या किती तरुणांनी तो पाहिला आहे?

'जय भीम'मध्ये (२०२१) सगळ्यांना वकील चंद्रू आठवतो. तो आठवायलाच हवा, कारण त्याच्यामागे न्यायमूर्ती के. चंद्रू हा खरा माणूस आहे. पण आम्ही सेंगेनी हे नाव घेऊ. पोलीस कोठडीत नवरा गमावलेली ती गरोदर बाई तडजोडीचे पैसे नाकारते. पोलीस गाडीत बसण्यासाठी विनवण्या करतात आणि ती मुलीचा हात धरून पायी चालत राहते. शेवटी तिची मुलगी अल्ली वकिलासमोर खुर्चीत पायावर पाय टाकून वर्तमानपत्र उघडते. 'शिका' हा शब्द कुणी उच्चारत नाही, तरी तो ऐकू येतो.

तिसरे नाव पल्लवी मेनकेचे. 'मेड इन हेवन' या वेबमालिकेच्या दुसऱ्या पर्वात (ऑगस्ट २०२३) नीरज घायवान यांनी दिग्दर्शित केलेल्या भागात ती येते. ती उच्चशिक्षित प्राध्यापक आहे, स्वतःची ओळख लपवत नाही आणि लग्न बौद्ध पद्धतीनेही व्हावे असा आग्रह धरते. पांढरी साडी, बाबासाहेबांचा फोटो, बुद्धमूर्ती. आपण प्रत्येक मे महिन्यात पाहतो ते दृश्य इतक्या मोठ्या निर्मितीत पाहून अनेक घरांत डोळे भरून आले. त्यावर वादही झाले. पात्राचे तपशील आपल्या लेखनातून आणि जगण्यातून घेतल्याचा आक्षेप लेखिका यशिका दत्त यांनी घेतला. ही भूमिका आपल्यातल्या अभिनेत्रीला का मिळाली नाही, असेही विचारले गेले. हे प्रश्न रास्त आहेत. पात्रावर प्रेम करावे आणि प्रश्नही विचारावेत, यात विरोध नाही.

पाच प्रश्न

आता पुढचा सिनेमा किंवा मालिका पाहताना हे पाच प्रश्न जवळ ठेवा.

१. पात्राला पूर्ण नाव आहे का, आणि ते नाव तो स्वतः घेतो की दुसरे त्याला हिणवायला वापरतात?

२. इतरांनी माणूस मानावे म्हणून त्याला काही किंमत मोजावी लागते का?

३. त्याचा प्रश्न कोण सोडवतो: तो स्वतः, त्याचे लोक, की बाहेरून आलेला तारणहार?

४. त्याचे घर दिसते का? घरात पुस्तके, फोटो, सण, जेवण काय दिसते?

५. तो हसतो का, प्रेम करतो का, चुकतो का? की फक्त मार खातो?

हे प्रश्न आपल्या आवडीलाही लावा. 'सैराट'मधली बुलेट चालवणारी आर्ची सगळ्यांना पाठ आहे. पण वर्गात शिकवताना प्रिन्सच्या हातची थप्पड खाणारे लोखंडे सर किती जणांना आठवतात? आमच्या गप्पांत फक्त एका मुलीला आठवले. प्रिन्सची ऐट मात्र अनेकांच्या रील्समध्ये दिसते. आपण कुणाची नक्कल करतो आहोत, हे तपासायला हवे.

पाचव्या प्रश्नावर आपली पात्रे अजून कमी पडतात, असे आमचे मत आहे. 'झुंड'मध्ये (२०२२) डॉन जयंतीच्या मिरवणुकीत नाचतो तेव्हा जो आनंद होतो, तो मार खाताना पाहून होत नाही. मालिकांच्या दिवाणखान्यात आपले घर तर आम्हाला सापडतच नाही. दुःख सांगणे गरजेचे आहेच, पण आपले जगणे म्हणजे फक्त दुःख नाही.

पुढचे पात्र कोण लिहिणार?

मोठ्या पैशाची वाट पाहायची गरज नाही. आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या जलसाकारांनी गावोगाव आंबेडकरी जलसे केले. तमाशाचा साचा घेऊन त्यात शिक्षणाचे, अंधश्रद्धेचे, वतनाचे विषय आणले. पात्रे आपली, बोली आपली, प्रेक्षकही आपले.

जवळचे उदाहरण हवे असेल तर मालेगाव पाहा. तेही आपल्यासारखेच लूमचे शहर. तिथल्या नासिर शेख आणि मित्रांनी तुटपुंज्या साधनांत 'मालेगाव के शोले' केला आणि पुढे एका किडकिडीत लूम कामगाराला सुपरमॅन बनवले. त्यांच्या या धडपडीवर आधी माहितीपट झाला आणि २०२५ मध्ये 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा हिंदी चित्रपटही आला. त्यांच्याकडे होते त्यापेक्षा चांगला कॅमेरा आज तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे.

भिवंडीच्या तरुणांना आम्ही एवढेच सुचवतो. महिन्यातून एका रविवारी विहारात एक चित्रपट एकत्र पाहा आणि हे पाच प्रश्न घेऊन बोला. मग पाच मिनिटांची स्वतःची गोष्ट लिहा. रात्रपाळी करून सकाळी अभ्यासिकेत बसणारी एखादी मुलगी, गोडाऊनच्या रजिस्टरमध्ये पूर्ण आडनाव लिहिणारा एखादा मुलगा.

पुढच्या रविवारी तो मागे बसणारा मुलगा पुढच्या रांगेत होता. वहीत त्याने गोष्टीचे पहिले पान लिहून आणले होते. नायकाचे नाव त्याने जांबुवंत ठेवले होते, पूर्ण.

जयभीम!