पावसाळ्यापूर्वी ठिबक व तुषार संचाची आवराआवर



रोहिण्या सरत आल्या की आपली धांदल उडते. आडसालीसाठी सऱ्या पाडायच्या, बेणे बघायचे, खताची सोय लावायची. मृगाचा पाऊस लागला की मोटार बंद करून सगळे निश्चिंत होतात. ठिबकच्या नळ्या उभ्या उसात तशाच पडून राहतात आणि तुषारचे पाइप बांधाला टाकून दिले जातात. तीन-चार महिने तिकडे कुणी फिरकत नाही. मग ऑक्टोबरच्या उन्हात ऊस माना टाकू लागला की धावाधाव सुरू होते. पाणी सोडावे तर निम्मे ड्रिपर बंद आणि नळ्या जागोजाग कुरतडलेल्या!

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. संच चालवल्याने जेवढा खराब होतो, त्याहून अधिक तो नुसता पडून राहिल्याने होतो. तो ज्या दिवशी आपण बंद करतो, त्या दिवशीच पुढच्या हंगामाचे भवितव्य ठरते.

अमेरिका-कॅनडासारख्या थंड मुलखात लोक घरापुढच्या हिरवळीसाठी जमिनीत तुषारच्या नळ्या पुरतात. हिवाळ्याआधी कॉम्प्रेसरने हवा मारून त्यातले सगळे पाणी ते बाहेर काढतात. कारण पाण्याचा बर्फ झाला की तो सुमारे ९ टक्के फुगतो आणि नळी फोडतो. त्यामुळे तिकडे हे काम कुणी टाळत नाही. आपल्याकडे बर्फ नाही, म्हणून भीतीही नाही. पण क्षार, गाळ, शेवाळ आणि उंदीर हे चार शत्रू आपल्याकडे आहेतच. ते आवाज न करता काम करतात, एवढाच काय तो फरक.

विहिरीच्या जड पाण्यातले क्षार नळीतले पाणी आटले की ड्रिपरच्या बारीक वाटेत दगडासारखे बसतात. नदी-कालव्याच्या पाण्यातला गाळ नळीच्या टोकाला जाऊन घट्ट होतो. म्हणून बंद करण्यापूर्वी पुढील कामे याच क्रमाने करावीत.

पहिले काम मोजणीचे. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरखाली भांडे ठेवले तर ६ मिनिटांत ४०० मिलिलिटर पाणी जमले पाहिजे. रानाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशा तीन ठिकाणी मोजावे. शेवटी निम्मेच भरले तर संच कुठे अडला आहे ते कळते. हे आकडे वहीत लिहून ठेवावेत.

दुसरे काम फिल्टरचे. सँड फिल्टरला उलटे पाणी सोडून ते स्वच्छ येईपर्यंत धुवावे. जाळीचा किंवा चकत्यांचा फिल्टर उघडून मऊ ब्रशने घासावा. तारेचा ब्रश लावू नये, जाळी फाटते.

तिसरे काम नळ्या धुण्याचे. आधी मेन, मग सबमेनचा फ्लश व्हॉल्व्ह आणि शेवटी लॅटरलची टोके उघडावीत. पुष्कळजण एकदम सगळी टोके उघडतात. त्याने दाब पडतो आणि गाळ जागचा हलत नाही. एका वेळी पाच-दहाच नळ्या उघडाव्यात आणि गढूळ पाणी जाऊन नितळ येईपर्यंत थांबावे.

चौथे काम आम्ल प्रक्रियेचे. पाणी क्षारयुक्त असेल तर हे टाळू नये. आपल्याच विहिरीचे १ लिटर पाणी घेऊन त्यात थेंब थेंब हायड्रोक्लोरिक आम्ल टाकावे आणि पीएच कागदाने सामू बघत जावे. सामू ३ ते ४ वर यायला किती आम्ल लागले ते टिपावे. समजा लिटरला १ मिलिलिटर लागले आणि आपला संच ताशी २०,००० लिटर पाणी देतो. तर १५ मिनिटांच्या ५,००० लिटर पाण्याला ५ लिटर आम्ल लागेल. ते व्हेंचुरीतून सोडावे. शेवटच्या ड्रिपरच्या पाण्याचा सामूही तितकाच आला की पंप बंद करून संच सुमारे २४ तास तसाच ठेवावा. दुसऱ्या दिवशी टोके उघडून पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवावे आणि पहिल्यासारखी मोजणी करावी. वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहिले की फरक दिसतो.

इथे सावधगिरी हवी. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये. प्लॅस्टिकची बादली, रबरी हातमोजे आणि चष्मा वापरावा, पोराबाळांना जवळ येऊ देऊ नये. शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर वापरणार असाल तर ती वेगळ्या दिवशी, आम्ल पूर्ण धुऊन गेल्यावरच. दोन्ही एकत्र आली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. असे धाडस जिवावर बेतते.

ज्यांचा ऊस तुटून खोडवा मोडायचा आहे, त्यांनी पाचटाला काडी लावण्याचा विचारही करू नये. नळ्या आत राहिल्या तर वितळतात आणि पाचटाचे मोलाचे खतही जाते. नळ्या न मुरगळता मोठ्या वेटोळ्यात गुंडाळाव्यात, तोंडे बांधावीत आणि छपराखाली ठेवाव्यात.

आता तुषार संचाचे. स्प्रिंकलरची डोकी काढून, धुऊन, कोरडी करून घरात ठेवावीत. त्यांना तेल किंवा ग्रीस लावण्याची खोड पुष्कळांना आहे, ती सोडावी. त्यांचे फिरणे पाण्यावरच चालते. तेलावर धूळ चिकटून डोके अडकते. जोडाची रबरी रिंग काढून थंड, अंधाऱ्या जागी ठेवावी. पाइप एका टोकाला उंच करून रचावेत, म्हणजे आत पाणी साचत नाही. खताच्या पोत्यांजवळ ते ठेवू नयेत. ॲल्युमिनियमचे असतील तर खत त्यांना खाते.

मोटारीला ओल आणि उंदीर लागणार नाहीत असा आडोसा करावा. स्टार्टरची पेटी बंद ठेवावी. वायरीला उंदराने दात लावले असतील तर वायरमनलाच दाखवावे, स्वतः हात घालू नये.

आणि शेवटचे. उसात राहिलेला ठिबक संच चार महिने पूर्ण बंद ठेवू नये. पावसाने उघडीप दिली आणि रानात वाफसा आला की पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास तो चालवावा. नळ्या धुतल्या जातात आणि कुठे कुरतडले, कुठे गळते ते वेळीच दिसते. उसाचे फड दाट झाल्यावर आत शिरून नळी शोधणे किती अवघड, हे आपणांस सांगायला नको.

कुणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला? बंधूंनो, पुष्कळांनी हा संच सोसायटीच्या कर्जातून घेतला आहे. नळी बंद पडली म्हणून हप्ता थांबत नाही, तो उसाच्या बिलातून कापला जातोच. संच पाच वर्षे चालला तर कर्ज फिटून वर पाणी आणि टनेज हाती राहते. दोन वर्षांत गेला तर हप्ते फेडत पुन्हा पाटाने पाणी द्यायची पाळी येते. कोरड्या वर्षी विहीर तळाला गेल्यावर पाटपाण्याला पाणी आणायचे कुठून? त्या दिवसांत शेवटच्या सरीतला शेवटचा ड्रिपर ठिबकला, तरच तो ऊस उभा राहतो.

दोन माणसांचे दोन दिवसांचे काम आहे. पाऊस सुरू व्हायच्या आत ते उरकून घ्यावे आणि ज्यांना आम्लाचे प्रमाण काढणे जमत नसेल, त्यांनी आपल्या गटाच्या शेतकी कर्मचाऱ्याला रानात बोलावून घ्यावे.