पोलो जीटी टीएसआयचा डीएसजी बदलताय? आधी हे वाचा

तंजावूरला राजवाड्याबाहेरच्या ईस्ट मेन स्ट्रीटवर गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते, वर दमट उकाडा. 2013 मध्ये आलेल्या, चाकणला बनलेल्या पोलो जीटी टीएसआयच्या गिअरबॉक्सची इथेच परीक्षा होते. हा सात गिअरचा डीएसजी, नाव डीक्यू200. त्यातले दोन्ही क्लच कोरडे, म्हणून रांगत्या ट्रॅफिकमध्ये लवकर तापतात.

2013 मध्येच फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे 16 लाख गाड्यांसाठी याच डीएसजीतलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल घालायची मोहीम काढली. कारण उष्ण, दमट हवेत होणारा विजेचा बिघाड.

गिअरबॉक्स बदलायचाच असेल, तर:

• आधी स्कॅन करा. दोष क्लचचा, मेकाट्रॉनिकचा (क्लच आणि गिअर चालवणारं युनिट) की आतल्या गिअरचा? दर वेळी अख्खा बॉक्स लागत नाही.
• वापरलेला बॉक्स घेताना त्यावरचा कोड जुळवा. दिसायला सारखे बॉक्स आतून वेगळ्या गिअर रेशोचे असतात.
• बॉक्सची ने-आण करताना मेकाट्रॉनिकच्या ब्रीदरला टोपी हवी, नाहीतर तेल सांडतं.
• तेलं दोन आणि वेगवेगळी: गिअरचं साधारण 1.7 लिटर, मेकाट्रॉनिकचं 1 लिटर.
• बॉक्स खाली आहे तोवर ड्युअल मास फ्लायव्हील तपासा.
• शेवटी कोडिंग आणि बेसिक सेटिंग. त्याशिवाय गाडी धक्के देईल किंवा हलणारच नाही.

रीमॅपवाल्यांसाठी: इंजिनचा मूळ टॉर्क 175 एनएम, बॉक्सची मर्यादा 250. ती ओलांडू नका.

तुमच्या गाडीचं साल आणि बॉक्सचा कोड कमेंटमध्ये लिहा.