वार्धक्याची तपासणी : अॅपने कोणते प्रश्न विचारावेत?

सत्तरी ओलांडलेला रुग्ण डॉक्टरांकडे येतो तेव्हा तो सहसा एकच दुखणे घेऊन येत नाही. गुडघे दुखत असतात, झोप लागत नसते, भूक मंदावलेली असते आणि पिशवीत दोन-तीन निरनिराळ्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या असतात. यातील जी तक्रार तो बोलून दाखवतो, तिच्यावर औषध मिळते. जी बोलून दाखवत नाही, ती 'वयोमानानुसार' या सदरात जमा होते. विस्मरण, तोल जाणे, वजन घटणे आणि उदासी ही लक्षणे आपल्याकडे याच सदरात वर्षानुवर्षे पडून राहतात. ती वेळीच डॉक्टरांच्या नजरेस यावीत, यासाठी मोबाइल अॅपची मदत घेण्याचा विचार आता जगभर रुजला आहे. मात्र असे अॅप उपयोगी ठरेल की घातक, हे त्यातील तंत्रज्ञानापेक्षा त्यात विचारलेल्या प्रश्नांवर अधिक अवलंबून असते.

वर्धा जिल्हा या विचाराची कसोटी घेण्यास योग्य आहे. डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने 1969 साली सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. ग्रामीण भागाला केंद्रस्थानी ठेवणारे हे देशातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय मानले जाते. वर्ध्याजवळच सावंगी (मेघे) येथे दुसरे मोठे वैद्यकीय महाविद्यालय आहे. आर्वी, हिंगणघाट, समुद्रपूर या तालुक्यांतील गावांमधून येणारे वृद्ध शेतकरी व शेतमजूर आणि अद्ययावत वैद्यकीय शिक्षण यांची गाठ येथे रोज पडते. 2011 च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्ती सुमारे 10 कोटी 40 लाख, म्हणजे लोकसंख्येच्या 8.6 टक्के होत्या. महाराष्ट्रात हे प्रमाण दहा टक्क्यांच्या जवळ होते. त्या मानाने वृद्धांच्या आजारांचे विशेष शिक्षण घेतलेले डॉक्टर फारच थोडे आहेत.

सहा क्षमतांची पाहणी

वृद्धांची सर्वांगीण तपासणी ही कल्पना जुनी आहे. लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जरी वॉरेन यांनी 1930 च्या दशकात 'असाध्य' म्हणून अंथरुणाला खिळवून ठेवलेल्या वृद्धांची पद्धतशीर तपासणी केली, तेव्हा त्यांतील अनेकजण योग्य उपचारांनी उठून घरी जाऊ शकतात, असे दिसून आले. त्यातूनच आजार, हालचाल, मनःस्थिती, औषधे आणि घरची परिस्थिती यांचा एकत्र विचार करणारी तपासणी आकाराला आली. तिची अडचण एकच : तिला वेळ लागतो, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात वेळच नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली वृद्धांच्या एकात्मिक देखभालीसाठी एक मार्गदर्शिका आणि तिच्या जोडीला मोबाइल अॅप प्रसिद्ध केले. त्यात स्मृती, हालचाल, पोषण, दृष्टी, श्रवण आणि मनःस्थिती या सहा क्षमतांची प्राथमिक चाचणी आहे. तीन शब्द सांगून ते थोड्या वेळाने आठवायला सांगणे, हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठता येते का आणि ते 14 सेकंदांत जमते का हे पाहणे, गेल्या तीन महिन्यांत तीन किलोपेक्षा अधिक वजन आपोआप घटले का हे विचारणे, पाठीमागून कुजबुजलेले शब्द ऐकू येतात का हे तपासणे, असे तिचे साधे स्वरूप आहे. ही चाचणी आरोग्य कर्मचारीही करू शकतो. जेथे उणीव आढळेल, तेथे डॉक्टरांनी पुढची तपासणी करावयाची असते.

प्रश्न शहरी, उत्तरे गावची

असे अॅप वर्ध्यात आणताना केवळ मराठी भाषांतर करून भागेल का? स्मृतीच्या चाचण्यांचा इतिहास याचे उत्तर देतो. 1975 साली अमेरिकेत तयार झालेली 30 गुणांची चाचणी जगभर वापरली गेली. तिच्यात एक वाक्य लिहायचे असते, लिहिलेली सूचना वाचून तिच्याप्रमाणे कृती करायची असते आणि एकमेकांना छेदणारे दोन पंचकोन काढायचे असतात. कधीही शाळेत न गेलेल्या, परंतु घरचा सारा व्यवहार चोख सांभाळणाऱ्या आजीबाई या चाचणीत सहज नापास होतील. निरक्षरता आणि स्मृतिभ्रंश यांत फरक न करणारे अॅप ही चूक अधिक वेगाने आणि अधिक अधिकारवाणीने करील.

यावर भारतात काम झाले आहे. हरियाणातील बल्लभगढ परिसरातील निरक्षर वृद्धांसाठी संशोधकांनी त्या चाचणीचे हिंदी रूप तयार केले आणि ते 1995 साली प्रसिद्ध झाले. त्यात वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी एक वाक्य बोलायला सांगितले जाते. सूचना वाचण्याऐवजी तपासणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून तो करील तसे करायचे असते. येथे चाचणी सोपी केलेली नाही. तिला जे मोजायचे होते तेच मोजावे, एवढी दक्षता घेतली आहे.

वर्ध्यातील अॅपलाही हीच दक्षता हवी. 'आज तारीख काय?' या प्रश्नाला इंग्रजी तारीख न सांगता 'उद्या पोळा' असे म्हणणाऱ्या आजोबांना काळाचे भान नाही, असे कसे म्हणावे? विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, हे ज्यांना अचूक ठाऊक आहे, त्यांच्या उत्तराची नोंद करण्यास अॅपमध्ये जागा हवी. ज्यांनी स्वतःचे वजन कधी केलेले नाही, त्यांना तीन किलोंचा प्रश्न निरर्थक आहे; त्यांना बांगड्या किंवा सदरा सैल झाला का, असे विचारावे लागेल. आयुष्यभर जमिनीवर बसलेल्या व्यक्तीच्या घरी चाचणीयोग्य उंचीची खुर्ची नसेल, तर बाजेवरून उठण्याचा वेळ त्या 14 सेकंदांशी थेट ताडून पाहता येणार नाही. उदासीविषयी विचारताना 'नैराश्य' हा पुस्तकी शब्द अनेकांपर्यंत पोहोचत नाही. 'मन लागत नाही का?' हा प्रश्न पोहोचतो.

फोन कोठे उपयोगी, कोठे नाही

फोनच्या पडद्याचा कल्पक वापर कसा होतो, याचे उत्तम उदाहरण केनियातून मिळते. तेथे तपासून पाहिलेल्या एका दृष्टिचाचणीच्या अॅपमध्ये इंग्रजी 'ई' हे अक्षर निरनिराळ्या दिशांना वळलेले दिसते. रुग्ण हाताने दिशा दाखवतो आणि तपासणारा पडद्यावर त्या दिशेने बोट फिरवतो. रुग्णाला अक्षरओळख लागत नाही आणि तपासणाऱ्याला अक्षराकडे पाहावेही लागत नाही, त्यामुळे नकळत उत्तर सुचवले जात नाही. याउलट श्रवणाची कुजबूज फोनच्या स्पीकरवर सोपवणे धोक्याचे आहे, कारण प्रत्येक फोनचा आवाज वेगळा असतो. ते काम माणसानेच, शांत खोलीत करावे.

फोनचे खरे बळ हिशेबात आहे. समजा, 78 वर्षांच्या, 40 किलो वजनाच्या आजींच्या रक्तातील क्रिएटिनिन 1.0 आले. प्रयोगशाळेच्या कागदावर हा आकडा सामान्य दिसतो. पण वय आणि वजन विचारात घेणाऱ्या कॉक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने हिशेब केला, तर त्यांच्या मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला सुमारे 29 मिलिलिटर एवढीच भरते. स्नायू झिजलेल्या कृश शरीरात क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होते, म्हणून आकडा फसवतो. अशा वेळी अनेक औषधांची मात्रा कमी करावी लागते आणि सांधेदुखीच्या नेहमीच्या गोळ्या मूत्रपिंडाला अपाय करू शकतात. हा हिशेब गर्दीत हाताने करणे कठीण. अॅप तो क्षणात करून इशारा देऊ शकते.

अॅप कोणाच्या हातात?

डॉक्टर रुग्णाकडे पाहण्याऐवजी फोनकडे पाहत बसले, तर तपासणीचा हेतूच हरवतो. म्हणून कामाची विभागणी हवी. आशा कार्यकर्त्या तिशीवरील व्यक्तींसाठी जो आरोग्यविषयक तक्ता भरतात, त्यात वृद्धांसाठी वेगळे प्रश्न आहेत : चालताना अस्थिर वाटते का, रोजच्या कामांत दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावे किंवा घराचा पत्ता विसरतो का. ही माहिती गावातच गोळा व्हावी आणि डॉक्टरांच्या पडद्यावर फक्त त्यातील धोक्याच्या खुणा व पुढचे पाऊल दिसावे. नुसता 'सहापैकी चार' असा गुण कोणाच्या उपयोगाचा? 'कानात मळ आहे का ते पाहा', 'रात्रीच्या झोपेच्या गोळीचा फेरविचार करा' अशी सूचना मात्र कामाची असते. इंटरनेट नसतानाही अॅप चालावे, हे ओघाने आलेच.

आणखी एक रकाना आवश्यक आहे : उत्तर कोणी दिले? आपल्याकडे सासूबाईंना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सून देते आणि वडिलांच्या वतीने मुलगा बोलतो. उदासी, उपासमार किंवा घरातील दुर्लक्ष याविषयीचे प्रश्न एकांतातच विचारले गेले पाहिजेत. संसदेने 2023 साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत केला आहे. पण अंगठा उठवणाऱ्या व्यक्तीला आपली माहिती कोठे जाते हे तिच्या भाषेत सांगणे, ही जबाबदारी कायद्याच्याही आधीची आहे.

सेवाग्रामच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि त्यातील कुटुंबांशी अभ्यासक्रमाच्या काळात संबंध ठेवते. अशा गावांत नव्या अॅपची पारख चांगली होऊ शकेल. अॅपने सांगितलेले निष्कर्ष आणि अनुभवी डॉक्टरांनी सावकाश केलेली तपासणी शेजारी ठेवून पाहावी. किती आजार सुटले, एवढेच न मोजता, किती धडधाकट निरक्षर वृद्धांवर विस्मरणाचा शिक्का बसला, हेही मोजावे.

तोवर शहरात राहणाऱ्या मुलामुलींना एक गोष्ट करता येईल. गावी गेल्यावर आईवडिलांच्या सर्व गोळ्या, अगदी वैदूच्या पुड्यांसह, एका पिशवीत भराव्यात आणि ती पिशवी त्यांच्यासोबत डॉक्टरांसमोर ठेवावी. गेल्या वर्षभरात ते कधी पडले का, हे विचारावे. कोणतेही अॅप चालण्यासाठी ही माहिती लागतेच, आणि ती घरातूनच मिळते.