फोर्कलिफ्टला बोअरचं पाणी चालत नाही

दोन टनांची फोर्कलिफ्ट दोन टन उचलते, हे अर्धंच खरं. तिच्या पाटीवर वजनाशेजारी एक अंतरही लिहिलेलं असतं, बहुधा ५०० मिलिमीटर. मालाचा गुरुत्वमध्य काट्यांच्या पाठीपासून एवढ्याच अंतरावर असेल, तरच ते दोन टन. सगळा तोल पुढच्या चाकांच्या आसाभोवती असतो: एकीकडे माल, दुसरीकडे यंत्राचं वजन. आसापासून काट्यांची पाठ ४०० मिलिमीटरवर आहे असं धरू. गुरुत्वमध्य ५००वरून ७००वर सरकला, की पेलण्याजोगं वजन १,६३६ किलोवर येतं. म्हणजे सोयाबीनच्या पन्नास किलोंच्या चाळीस पोत्यांऐवजी बत्तीस. थप्पी पुढे झुकलेली असेल तर आणखी कमी. आणि यंत्र कलंडायला लागलंच, तर उडी मारणारा चालक त्याच्याच खाली सापडतो. सीटबेल्ट त्यासाठी असतो. तो सीटमागे खोचून ठेवण्याची पद्धत सगळीकडे दिसते.

विजेवरच्या फोर्कलिफ्टमध्ये तोलाचा मोठा वाटा बॅटरी उचलते. शिशाची ही बॅटरी शेकडो किलोंची असते. तिच्या जागी हलकी लिथियमची बसवली, तर कमी झालेलं वजन लोखंड घालून भरून काढावं लागतं.

लातूर-नांदेडकडे मात्र या बॅटरीची खरी अडचण पाण्याची. चार्जिंगच्या शेवटी आतल्या पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघून जातात, पातळी उतरते. प्लेटा उघड्या पडल्या की त्यांवरचं सल्फेट टणक होतं आणि तेवढा भाग कामातून जातो. म्हणून पाणी घालायचं, पण डिस्टिल्डच. बोअरच्या पाण्यातले क्लोराइड आणि लोह आतून प्लेटा खराब करतात. २०१६च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे यंत्रासाठी पाणी विकत घेणं मालकाच्या जिवावर येत असेल, तर नवल नाही. तरीही नव्या बॅटरीपेक्षा तो कॅन स्वस्तच. पाणी चार्जिंग झाल्यावर घालावं. आधीच काठोकाठ भरलं, तर गरम होऊन फुगलेलं आम्ल बाहेर सांडतं. प्लेटा उघड्या दिसल्या, तरच आधी त्या बुडण्यापुरतं.

उन्हाळा वेगळाच. तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं, की अशा बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं. मे महिन्यात नांदेडचा पारा चाळिशी सहज ओलांडतो. तेव्हा दुपारी पत्र्याखाली चार्जिंग लावण्यापेक्षा रात्री लावावं. निघणारा हायड्रोजन सर्वांत हलका वायू, तो छताशी साचतो. हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांवर गेलं, तर एका ठिणगीने पेट घेतो. त्यामुळे हवा जाण्याची वाट छतालगत हवी. खालची खिडकी उघडून फारसं साधत नाही.

धान्याच्या गोडाऊनमध्ये आणखी एक शत्रू असतो, आणि त्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. तूर-हरभऱ्याला कीड लागू नये म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. त्यांतून निघणारा फॉस्फिन माणसाला विषारी आहेच, शिवाय तो तांबं खातो. फोर्कलिफ्टच्या वायरिंगचे जोड, कॉन्टॅक्टर, कंट्रोलरची पट्टी या सगळ्यांत तांबंच. धुरीच्या दिवसांत आत विसरलेलं यंत्र नंतर काही आठवड्यांनी अधूनमधून बंद पडू लागतं आणि मेकॅनिक बॅटरीला दोष देत बसतो. गोळ्या ठेवण्याआधी फोर्कलिफ्ट बाहेर काढायची आणि गोडाऊन मोकळं, हवेशीर झाल्यावरच परत न्यायची.